नाक चोंदलं? आधी मीठ-पाणी, मग श्वासाची मोजणी



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि त्याच सुमारास आमच्या राजूर भागात घरोघरी नाकं वाहू लागतात. घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या पट्ट्यात पाऊस कोसळत असतो. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, चुलीत ओलं सरपण धुमसतं. पाऊस सरतो तोच भाताच्या झोडणीची धूळ सुरू होते. पुढे डिसेंबरात राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा थंडी पार हाडात शिरलेली असते. म्हणजे वर्षातला निम्म्याहून जास्त काळ घरात कुणाचं ना कुणाचं नाक बंद असतंच.

"सिस्टर, पोराचं नाक चोंदलंय, रात्रभर झोपला नाही, काहीतरी बाटली लिहून द्या." हे मी नोकरीत असताना ऐकत होते आणि आता वस्तीत फिरतानाही ऐकते. आईची काळजी खरी असते. पण नाक मोकळं करायला बाटली लागत नाही. जे लागतं ते बहुतेक सगळं आपल्या घरात आहे. आणि ज्या थोड्या बाळांना खरोखर औषध लागतं, त्यांचा आजार नाकात नसतो, छातीत असतो. तो ओळखायला आईला एक मिनिट श्वास मोजता आला पाहिजे. आज या पानावर याच दोन गोष्टी शिकू.

नाक बंद होतं म्हणजे काय होतं?

आपल्याला वाटतं की नाकात शेंबूड भरला म्हणून नाक बंद झालं. हे अर्धंच खरं आहे. नाकाच्या आतल्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. सर्दीचा विषाणू शिरला, धूर किंवा धूळ लागली, की या रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजतं आणि हवेची वाट अरुंद होते. म्हणून पुष्कळदा कितीही नाक शिंकरलं तरी काही निघत नाही आणि नाक मात्र बंदच राहतं. जोर लावून शिंकरलं तर सूज कमी होत नाही, उलट कानात दडे बसतात. एका वेळी एकच नाकपुडी बोटाने दाबायची आणि दुसरीतून हळू शिंकरायचं.

निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या सारख्या मोकळ्या नसतात. काही तास एक बाजू थोडी फुगते, मग दुसरी. एरवी हे आपल्या लक्षात येत नाही, पण सर्दी झाली की एक बाजू पूर्ण बंद झाल्यासारखी वाटते. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी जास्त चोंदते. कूस बदलली की थोड्या वेळाने फरक पडतो.

साधी सर्दी विषाणूमुळे होते आणि सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तीन-चार दिवसांनी शेंबूड घट्ट, पिवळा किंवा हिरवा होतो, तो सर्दीचा नेहमीचाच क्रम आहे. नुसत्या रंगावरून "आता कडक गोळी पाहिजे" असं ठरवू नये. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होऊ शकते. ते पोर "कमजोर" आहे किंवा त्याला "नजर लागली" आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

पहिला उपाय : मीठ-पाणी

मिठाच्या पाण्याने घट्ट शेंबूड सुटतो, अस्तर ओलं राहतं, धूळ धुऊन जाते. त्याचा दुष्परिणाम नाही आणि खर्च जवळपास नाही. मात्र ते नीट बनवलं पाहिजे.

१. भांडं आणि चमचा साबणाने धुऊन घ्या. हातही धुवा.
२. अर्धा लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी उकळा. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्या. मग झाकण ठेवून कोमट होऊ द्या.
३. अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात चहाचा एक छोटा चमचा मीठ घाला. चमचा शीग लावून भरू नका, सपाट भरा. नीट ढवळा.
४. चव घेऊन बघा. आपल्या डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट लागलं पाहिजे. फार खारट झालं तर नाकात झोंबेल, मग थोडं उकळलेलं पाणी वाढवा.
५. हे पाणी त्याच दिवशी वापरा. उरलेलं रात्री टाकून द्या.

मोठ्या माणसांनी आणि समजत्या मुलांनी डोकं थोडं मागे करून प्रत्येक नाकपुडीत ड्रॉपरने चार-पाच थेंब सोडावेत, एक-दोन मिनिटं थांबावं आणि हळू शिंकरावं. दिवसातून तीन-चार वेळा चालतं. नाकात खूप घट्ट शेंबूड साचत असेल तर मोठी माणसं जलनेतीच्या भांड्याने नाक धुऊ शकतात. वाकून उभं राहायचं, तोंडाने श्वास घ्यायचा, एका नाकपुडीतून पाणी सोडायचं, ते दुसरीतून बाहेर पडतं.

पाणी उकळण्याबद्दल मी आग्रह धरते, त्याला कारण आहे. नदी, विहीर, बोअर, टाकी, नळ, कुठलंही पाणी न उकळता नाकात घालायचं नाही. गोड्या पाण्यात एक अमीबा असतो. तो पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून आत गेला तर क्वचित मेंदूपर्यंत पोचतो आणि त्यातून फार थोडे रुग्ण वाचतात. केरळात २०२४ आणि २०२५ साली अशा मेंदूज्वराने माणसं दगावली. मिनिटभराच्या उकळीने हा धोका टळतो.

तान्ह्या बाळाचं नाक

पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. त्याला तोंडाने श्वास घेण्याची सवय नसते. म्हणून नाक चोंदलं की ते दूध पिताना मध्येच सोडतं, रडतं, पुन्हा धरतं. घरातल्यांना वाटतं, "दूध कमी झालं" किंवा "दूध बाधलं". मग वरचं दूध सुरू होतं आणि नको तो त्रास मागे लागतो. दूध कमी झालेलं नसतं. पिताना बाळाला श्वास घेता येत नसतो.

एक वर्षाखालच्या बाळासाठी घरचं मीठ-पाणी न वापरता औषधाच्या दुकानातले मिठाच्या पाण्याचे थेंब घ्यावेत. 'सलाइन नेझल ड्रॉप' म्हटलं की देतात. ते स्वस्त असतात आणि त्यात मिठाचं प्रमाण बरोबर असतं. बाटलीवर 'सोडियम क्लोराइड ०.९ टक्के' किंवा '०.६५ टक्के' एवढंच लिहिलेलं असावं, दुसरं औषध नको. घ्यायच्या आधी सिस्टरला किंवा आशाताईला दाखवा.

पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाळाला मांडीवर उताणं घ्या. प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब सोडा. बाळ शिंकेल, थोडं रडेल, त्याने काही बिघडत नाही. मिनिटभराने मऊ सुती कापडाचा कोपरा पिळून नाकपुडीच्या तोंडाशी आलेला शेंबूड टिपून घ्या. आत काडी, कापसाची वात, बोट काहीही घालू नका. काही आज्या तोंडाने बाळाचं नाक ओढून काढतात. मायेने करतात, पण मोठ्याच्या तोंडातले जंतू बाळाच्या नाकात जातात. नाक मोकळं झालं की पाजायला घ्या. एका वेळी थोडंच पिऊ द्या, पण जास्त वेळा पाजा. सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाशिवाय काही नको. पाणी नको, काढा नको, मधाचं बोटही नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात द्यायचा नाही, त्यातून बाळाला घातक विषबाधा होऊ शकते.

झोपवताना बाळाला उताणं, सपाट अंथरुणावर झोपवा. डोक्याखाली उशी देऊ नका. जागं असताना खांद्याशी उभं धरलं की त्याला आराम वाटतो.

वाफ, ओवा, बाम आणि तेल

वाफ : वाफेने सर्दी लवकर बरी होत नाही, पण मोठ्या माणसाला थोडा वेळ मोकळं वाटतं. धोका भाजण्याचा असतो. पातेलं चुलीवरून उतरवून जमिनीवर किंवा पक्क्या टेबलावर ठेवा, मांडीवर नाही. चेहरा हातभर लांब ठेवा. पाच-सात मिनिटं पुरेत. लहान मुलांना गरम पातेल्यावर धरून पांघरूण घालू नका. मूल दचकतं, लाथ मारतं आणि उकळतं पाणी अंगावर येतं. भाजलेल्या मुलांच्या पट्ट्या बदलण्याचं काम मी केलं आहे, म्हणून हे ठासून सांगते. मुलाला वाफ हवीच असेल तर आंघोळीच्या वेळी न्हाणीचं दार लावून गरम पाण्याची वाफ कोंडू द्या आणि मुलाला कडेवर घेऊन तिथे थोडा वेळ बसा. बादली मात्र त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

ओव्याची पुरचुंडी : मोठ्यांनी हुंगायला हरकत नाही. बाळाच्या छातीवर किंवा टाळूवर तव्यावरची गरम पुरचुंडी ठेवू नका. आपल्या जाड झालेल्या हाताला जे कोमट वाटतं, त्याने बाळाची कातडी भाजते.

बाम आणि कापूर : बाममधल्या मेन्थॉलने नाकाला गार लागतं आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. सूज मात्र तेवढीच राहते. मोठ्यांनी छातीला, पाठीला लावावा, नाकाच्या आत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला कापूर असलेला बाम लावूच नका. कापूर तेलात विरघळवून बाळाच्या नाकात सोडणं किंवा टाळूला चोळणं धोक्याचं आहे. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येतात.

तेल आणि तूप : याबद्दल विहारात एका उपासिकेने मला चांगला प्रश्न विचारला. "विनयपिटकात जीवकाने नाकातून तूप दिल्याची गोष्ट आहे ना? मग आम्ही बाळाच्या नाकात तेल घातलं तर काय बिघडलं?" गोष्ट आहे खरी. महावग्गात येते. साकेतच्या एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षं डोकेदुखीने हैराण होती. जीवकाने निरनिराळ्या औषधींसह तूप कढवलं, तिला उताणं झोपवलं आणि नाकातून दिलं. ते तोंडातून बाहेर आलं आणि ती बरी झाली. पण गोष्ट पूर्ण ध्यानात घ्या. रुग्ण मोठी बाई होती, आलेलं तूप तिला थुंकता आलं आणि देणारा तक्षशिलेला सात वर्षं शिकलेला वैद्य होता. तान्ह्या बाळाला थुंकता येत नाही. नाकात घातलेलं तेल-तूप त्याच्या श्वासनळीतून फुफ्फुसात उतरतं, तिथेच राहतं आणि न्यूमोनिया करतं. जीवकाची आठवण ठेवायची तर त्याने केलं ते शिकून केलं, ही ठेवावी.

तपकीर : आपल्यातली काही म्हातारी माणसं "नाक मोकळं होतं" म्हणून तपकीर ओढतात. तपकीर म्हणजे तंबाखूच. शिंका येतात, क्षणभर मोकळं वाटतं, पण अस्तर कायमचं सुजलेलं राहतं आणि व्यसन जडतं ते वेगळंच.

घरातला धूर आणि ओल

एका खोलीत चूल, तिथेच झोपणं, दार लावलेलं, अशा घरात मिठाच्या पाण्याने नाक सकाळी मोकळं होतं आणि रात्री पुन्हा बंद होतं. म्हणून धुराकडे बघावंच लागतं. ओलं सरपण जास्त धुमसतं. पावसाआधी सरपण आडोशाला रचून ठेवा. चूल पेटवताना दार-खिडकी उघडी ठेवा आणि धूर निवेपर्यंत बाळाला दुसरीकडे घ्या. सिलिंडर परवडत नसेल तर निदान पाणी तापवण्याची चूल अंगणात न्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने घराबाहेर जावं. नुसतं दारात उभं राहून भागत नाही.

मच्छर अगरबत्ती बंद खोलीत रात्रभर जळत ठेवण्यापेक्षा मच्छरदाणी लावा. वंदनेच्या अगरबत्तीबद्दलही सांगते. घरात दमेकरी, तान्हं बाळ किंवा सतत शिंकणारं माणूस असेल तर वंदना मेणबत्ती आणि फुलांवर करावी. वंदनेत त्याने काही उणं पडत नाही.

भिंतीवर काळी-हिरवी बुरशी आली असेल तर पलंग भिंतीपासून हातभर सरकवा, ऊन पडेल त्या दिवशी गोधड्या आणि उशा उन्हात टाका. सकाळी उठल्याबरोबर सलग शिंका, नाकाला-डोळ्यांना खाज, पाण्यासारखं नाक, ताप नाही आणि हे महिनोन्‌महिने चालू, असं असेल तर ती सर्दी नसून ॲलर्जी असते. भात झोडताना, घर झाडताना नाका-तोंडावर ओला रुमाल बांधावा आणि काम झाल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुवावं. तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावं. ॲलर्जीवर चांगली औषधं आहेत.

खाणं, पिणं, झोप

गरम पातळ पदार्थांनी घसा ओला राहतो आणि शेंबूड पातळ होतो. आपल्याकडचं हुलग्याचं माडगं, नागलीची पेज, डाळीचं पाणी, चिकनचा रस्सा यांतलं जे असेल ते द्या. आल्याचा चहा मोठ्यांना चालतो. वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध दिला तर खोकला थोडा शमतो. "केळी, दूध, भात बंद करा" असं सांगतात, त्याला आधार नाही. दुधाने कफ होत नाही. आजारी मुलाला उपाशी ठेवलं तर ते आणखी अशक्त होतं. मोठ्या माणसांनी झोपताना एक उशी जास्त घ्यावी. डोकं उंच राहिलं की नाकाची सूज थोडी उतरते.

बाटलीबद्दल सावध राहा

नाक मोकळं करणारे थेंब : दुकानात ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन अशा नावांची औषधं असलेले थेंब मिळतात. ते रक्तवाहिन्या आकसवतात, त्यामुळे पाच मिनिटांत नाक उघडतं. मोठ्या माणसाने फार तर तीन दिवस, अगदीच गरज पडली तर पाच दिवस वापरावेत. त्याहून जास्त दिवस वापरले की औषधाचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा बंद. वर्षानुवर्षं खिशात बाटली घेऊन फिरणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मुलांना हे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि गरोदर बायांनी सर्दीची कुठलीही गोळी मनाने घेऊ नये. नाक उघडणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो.

सर्दी-खोकल्याचं सिरप : सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून जास्त लहान मुलं दगावली. साधी सर्दी, ताप, खोकला म्हणून त्यांना 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप दिलं होतं. मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतल्या अनेकांना नागपूरच्या दवाखान्यांत आणलं होतं. तपासणीत त्या सिरपात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. हे कारखान्यात वापरायचं विषारी रसायन आहे. औषधात त्याचा अंश ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. महाराष्ट्रालाही हे विष नवीन नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला होता आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता.

सगळी सिरपं विषारी असतात असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं असं की भेसळ नसलेल्या सिरपानेही लहान मुलाची सर्दी बरी होत नाही, मग तो धोका घ्यायचाच कशाला? केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती साधारणपणे देऊ नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असा आदेश तर डिसेंबर २०२३ मध्येच निघालेला आहे. तशी सूचना लेबलवर छापणंही बंधनकारक आहे. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींना लेबल वाचायला सांगा. शेजारणीच्या घरची उरलेली बाटली आणू नका. तापासाठी पॅरासिटामॉल द्यायचं असेल तर मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा सिस्टरकडून लिहून घ्या.

आता श्वास मोजायला शिका

नाक बंद आहे, घरघर आवाज येतो, पण मूल खेळतं, पितं, हसतं. अशा मुलाला घरीच सांभाळा. पण सर्दी छातीत उतरली, म्हणजे न्यूमोनिया झाला, तर घरचा कुठलाही उपाय चालत नाही. दोन्हींतला फरक श्वासावरून कळतो.

बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना मोजा. पिताना, रडताना मोजू नका. नाक चोंदलेलं असेल तर आधी मीठ-पाण्याचे थेंब घालून मोकळं करा. अंगातलं झबलं वर करा. पोट-छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. मोबाइलवर किंवा घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलाचा श्वास कमी-जास्त होत असतो. जास्त भरला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा.

श्वास जलद कधी समजायचा?

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ : मिनिटाला ६० किंवा जास्त.
दोन महिने ते एक वर्ष : ५० किंवा जास्त.
एक ते पाच वर्षं : ४० किंवा जास्त.

श्वास जलद असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि पुढच्यांपैकी एकही खूण दिसली तर मोजत बसू नका, लगेच निघा : श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, कण्हणं, ओठ किंवा जीभ निळी पडणं, काहीच पिता न येणं, प्यालेलं सगळं ओकणं, झटके, हलवूनही नीट जागं न होणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाने दूध सोडलं, अंग तापलं किंवा गार पडलं तरी लगेच निघायचं.

हे आईला जमेल का, अशी शंका काही जण घेतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकाच्या शेवटी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दाईंना बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी मणी सरकवून मोजायचं साधन बनवलं. गावातच निदान आणि औषध मिळू लागल्यावर तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू घटले. निरक्षर दाईला जे जमलं ते आपल्या दहावी-बारावी झालेल्या सुनांना नक्की जमेल.

उलट, छाती उडते, पोट फुगलं म्हणून बाळाला चटके देणं, अंगारा लावणं, गंडा बांधणं यात मोलाचे तास जातात. मेळघाटात आजही आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे डाग दिल्याच्या बातम्या येतात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत. पण प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही बाळ आजारी पडलं की रात्री कुणीतरी हळूच लिंबू उतरवतं. त्यापेक्षा घड्याळ लावून श्वास मोजा.

आणखी एक आठवण. बाबासाहेब आणि माता रमाईंची चार लेकरं लहानपणीच गेली. त्यांतला शेवटचा राजरत्न. १९२६ च्या जुलै महिन्यात, भर पावसाळ्यात, त्याला न्यूमोनियाने नेलं. तेव्हा पेनिसिलिनचा शोधसुद्धा लागलेला नव्हता. तो १९२८ साली लागला. त्या आईबापांच्या हाती औषधच नव्हतं. आज औषध आहे, लस आहे आणि दवाखानाही आहे. आपलं मूल उशिरा नेल्यामुळे जाता कामा नये.

सरकारी दवाखान्यातला आपला हक्क

न्यूमोनियाची पीसीव्ही लस बाळाला दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात मोफत मिळते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीतही न्यूमोनियाच्या एका जंतूपासून संरक्षण आहे. लसीचं कार्ड काढून आजच तपासा. बाळंतपण झालेल्या घरी आशाताईने पहिल्या दीड महिन्यात ठरलेल्या दिवशी भेटी द्यायच्या असतात. ती आली की तिच्यासोबत एकदा श्वास मोजून बघा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. गाडीसाठी १०८ लावा. "सर्दीसाठी कशाला आला" असं कुणी म्हटलं तर श्वासाचा आकडा सांगा : "मिनिटाला छप्पन्न भरतो, बाळ सात महिन्यांचं आहे." आकडा सांगितला की बाळाला तपासावंच लागतं.

मोठ्यांनीही काही वेळा दाखवायला हवं. दहा दिवसांत उतार नाही, बरं होत आलेलं नाक पुन्हा जोराने बिघडलं, कपाळ-गाल ठणकतात, डोळ्याभोवती सूज आली, तर डॉक्टरांकडे जा. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकीची तपासणी करा, ती मोफत असते. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड येत असेल तर बहुधा आत हरभरा, मणी किंवा खडूचा तुकडा अडकलेला असतो. घरी चिमट्याने काढू नका, वस्तू आणखी आत जाते. खेळण्यातला बटणासारखा सेल अडकला असेल तर तासाभराचाही उशीर करू नका, तो आतून भाजतो.

विहारात एवढं करा

वर्षावासात संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं, माय-लेकी जमतात. त्यातली पंधरा मिनिटं या पाठाला द्या. आशाताईला बोलवा. एका झोपलेल्या बाळाचा श्वास सगळ्यांनी मिळून मोजा आणि प्रत्येकीचा आकडा ताडून बघा. खालचा मजकूर कापून विहाराच्या आणि घराच्या भिंतीवर चिकटवा.

नाक चोंदलं तर :
• उकळून कोमट केलेलं पाणी अर्धा लिटर, मीठ एक सपाट छोटा चमचा. रोज ताजं. बाळाला दुकानातले सलाइन थेंब.
• पाजण्याआधी नाक मोकळं करा. थोडं थोडं, वरचेवर पाजा.
• बाळाच्या नाकात तेल, तूप, कापूर, बाम नाही. मुलाला वाफेच्या पातेल्यावर धरायचं नाही.
• धूर बाहेर, बाळ आत.
• पाच वर्षांखाली सर्दीचं सिरप मनाने नाही.
• श्वास मोजा : ६०, ५०, ४०.
• छाती आत ओढली जाते, पीत नाही, झोपाळतं, निळं पडतं : लगेच दवाखाना. गाडीसाठी १०८.

जय भीम. नमो बुद्धाय.